कोयत्याचं पाणी

दसरा उलटला की बीड, अहिल्यानगरकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीला लागतात आणि लोहाराच्या पालापुढे कोयत्यांचा ढीग पडतो. कुणाला नवा हवा, कुणाला जुना शेवटून, म्हणजे ठोकून धार काढून हवा, आणि सगळ्यांना आत्ताच्या आत्ता हवा. या घाईबद्दलच मला आज बोलायचंय. भट्टी, भाता, ऐरण तुम्ही पाहिलेत, ते सांगत बसत नाही. कोयत्याला पाणी देतात त्या शेवटच्या थोड्या वेळाबद्दल तेवढं बोलतो.

आपली समजूत अशी, की लाल झालेलं पातं चर्रकन पाण्यात गेलं म्हणजे काम झालं. तसं नाही. तिथं काम अर्धंच होतं. तेवढ्यावर थांबलात तर धार कडक होते खरी, पण ठिसूळ राहते. बांधावरच्या दगडाला लागली की टवका उडतो. म्हणून तो कडकपणा बेताने उतरवावा लागतो, आणि सगळं कसब तिथं आहे.

घरी रव्याचे लाडू करताना पाक कसा बघता? कच्चा असताना उतरवला तर लाडू बसतो, तार आली की वळतो, आणि एक क्षण गप्पांत गेला तर गोळी होते, मग तो लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागतो. साखर तीच, विस्तव तोच, फरक उतरवण्याच्या वेळेचा. पाकापाशी उभ्या असलेल्या बाईला आपण हाक मारत नाही. मग लोहाराला का मारतो?

जाणता लोहार काय करतो ते नीट पाहा. तो अख्खं पातं बुडवत नाही. धारेकडचा बोटभर भाग तेवढा पाण्यात धरतो, पाठ तापलेलीच ठेवतो. मग विटेच्या तुकड्याने धार घासून उजळ करतो आणि नजर तिच्यावर रोखतो. पाठीतली धग धारेकडे सरकू लागते, तसे रंग चढत येतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण 220 अंश सेल्सिअसला उमटतो, निळा 300च्या आसपास. भाजीच्या सुरीला पिवळा पुरे. घाव सोसणाऱ्या कोयत्याला तपकिरी सरून जांभळ्याची कड दिसेपर्यंत थांबायचं आणि मग सगळं पातं पाण्यात. हे रंग बघता बघता पळतात. तेवढ्यात तुम्ही ‘दादा, माझा झाला का?’ म्हणून विचारलंत, त्याने मान वर केली, की जांभळा जाऊन निळा झालेला असतो. पाकाची गोळी झाली! फरक एवढाच, की पाक जास्त झाला तर कडक होतो, इथं धार मऊ पडते.

मऊ धारेचा कोयता म्हणजे काय, ते तोडणाऱ्याच्या मनगटाला विचारा. कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मजुरी टनावर. दर थोड्या वेळाने दगडावर घासत बसावं लागलं, तर त्या दोघांचा दिवस धार लावण्यातच जातो.

हे कोयते घडवणाऱ्या घिसाडी लोहारांच्या कुटुंबात पुरुष सांडशीत लोखंड धरतो, हातोडीने जागा दाखवतो आणि बाई घण घालते. त्या दोघांशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण, तीच हत्यारं घरी नेऊन स्वतःच बिघडवतो. हे मला खरंच सहन होत नाही. ग्राइंडरवर ठिणग्या उडवत धार काढायची, कडेला निळी झाक आली की ‘काय चकाकतंय’ म्हणायचं! अहो, तो निळा रंग म्हणजे पाणी उतरलं. पुन्हा सांगतो, निळी झाक आली की तिथली धार गेली. ग्राइंडर वापरायचाच तर हलक्या हाताने, पातं सारखं पाण्यात बुडवत. बोटाला चटका बसू लागला की थांबायचं.

आणि मोडकी मूठ जाळून काढायला पातं चुलीत घालणारे तर घरोघरी आहेत. चुलीचा विस्तव 300 अंशांच्या कितीतरी वर असतो, म्हणजे लोहाराने रंग बघून साधलेलं सगळं तिथं एका फटक्यात गेलं.

काही कोयते ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे करतात, त्याबद्दल बोलायचं राहिलंच. ते पोलाद पाण्यात कधीकधी तडकतं, म्हणून काही लोहार तेलात बुडवतात, आणि तेल कोमट असावं की गार, यावरही बरंच... पण मला वेळ संपल्याची खूण होतेय. मूठ तेवढी छिन्नीने फोडून काढा, चुलीत घालू नका.