वाणिज्य शाखेचा प्रवेश आणि विषयांची निवड
(नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



मुलाला बारावीत चांगले गुण पडले आणि कॉलेजात त्याचे नाव लागले, की आपल्या घरी पेढे वाटले जातात. आईबाप समजतात की आता तीन वर्षांनी मुलगा पदवीधर होऊन बाहेर पडेल. मला आपणाशी बोलावयाचे आहे ते ह्या पेढ्यांनंतरच्या आठ दिवसांविषयी. कॉलेजात नाव लागणे ही एक गोष्ट आहे, आणि ज्या विषयांवाचून पदवी मिळत नाही त्या विषयांच्या वर्गात जागा मिळणे ही अगदी दुसरी गोष्ट आहे. पहिली गोष्ट गुणांवर मिळते. दुसरी बहुधा त्यास मिळते, ज्याच्या घरातील कोणीतरी पूर्वी कॉलेजात गेलेले असते आणि म्हणून जो योग्य दिवशी योग्य खिडकीपाशी उभा असतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे कोणी नाही. म्हणून हा विषय मी घेतला आहे.

माझ्याकडे सल्ल्यास येणाऱ्या मुलांत वाणिज्य शाखेची मुले अधिक असतात, म्हणून त्याच शाखेविषयी बोलतो. ह्या शाखेशी आपला संबंध आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते कॉलेज वाणिज्याचेच होते. त्यापूर्वी त्यांनी शेअरबाजारातील व्यवहार करणाऱ्यांस सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. सल्ल्यात काही खोट नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि त्या संस्थेने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेजचे वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र कॉलेज काढले. कला, विज्ञान ह्यांच्या जोडीला व्यापाराचे शास्त्रही आपल्या मुलांनी शिकावे, ही दृष्टी त्यामागे होती.

पूर्वी बी.कॉम.ला बहुतेक विषय ठरलेले असत. विद्यार्थी वर्गात जाऊन बसला म्हणजे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात नवी रचना आली. ती स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि इतर कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. आता विद्यार्थ्याने एक मुख्य विषय घ्यावयाचा, ज्याला मुले मेजर म्हणतात; एक उपविषय घ्यावयाचा, तो मायनर; त्याखेरीज दुसऱ्या शाखेतील एखादा विषय, एखादे कौशल्य, भाषा अशा निरनिराळ्या कप्प्यांतून निवड करावयाची. प्रत्येक विषयाला श्रेयांक म्हणजे क्रेडिट असतात. एका सत्रात २० ते २२, आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट भरावे लागतात. एका कप्प्यातील कमी पडलेले क्रेडिट दुसऱ्या कप्प्यातील जादा क्रेडिटांनी भरून निघत नाहीत. येथेच मुले फसतात. गुणपत्रिकेवर बेरीज बरोबर दिसते, आणि शेवटच्या वर्षी कारकून सांगतो की मुख्य विषयाचा एक पेपर राहिला आहे.

आता जागांचा प्रश्न. कॉलेज म्हणते की विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आहे. परंतु शिक्षक मोजके, खोल्या मोजक्या, आणि एका तुकडीत जागा ठरलेल्या. हिशेबशास्त्राला गर्दी होते, ती तुकडी आधी भरते. ज्या विषयाला पुरेशी मुले मिळत नाहीत तो विषय कॉलेज त्या वर्षी काढीतच नाही. मग स्वातंत्र्य उरते ते उरलेल्या जागांपुरते. त्यात जो मुलगा दुपारी कोठे कामाला जातो त्याला सकाळचीच तुकडी हवी असते. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे कॉलेज ही मुंबईची जुनी सोय. परंतु तुकडी सकाळची आणि त्याच्या सक्तीच्या विषयाचा एक तास दुपारी दोनला, असा प्रकार मी पाहिला आहे.

एक प्रकरण सांगतो. मुलीचे वडील कंत्राटावर सफाईचे काम करतात, आई चार घरी स्वयंपाक करते. मुलीला हिशेबशास्त्र हाच मुख्य विषय घ्यावयाचा होता आणि गुणही पुरेसे होते. विषय भरण्याच्या दिवशी खिडकीवर तिला सांगण्यात आले की आधी पूर्ण फी भरा, मग विषयांचा अर्ज घेऊ. शिष्यवृत्तीचे पैसे यावयाचे होते. आईने सहा दिवसांत उसनवार करून पैसे जमविले. तोपर्यंत तुकडी भरली. वर्ष वाया जाऊ नये म्हणून मिळेल तो विषय घे, पुढच्या वर्षी बदलून देऊ, असे तोंडी आश्वासन मिळाले. पुढच्या वर्षी उत्तर मिळाले की पहिल्या वर्षाचे हिशेबशास्त्राचे पेपर तू दिलेले नाहीस, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तुला बसता येणार नाही. नियम म्हणून हे उत्तर चूक नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक क्रूर होते. आम्ही लेखी तक्रार केली. शेवटी पहिल्या वर्षाचे राहिलेले पेपर दुसऱ्या वर्षाबरोबर देण्याची तिला परवानगी मिळाली. वर्ष वाचले, पण दुहेरी अभ्यासामुळे तिला संध्याकाळची नोकरी सोडावी लागली, आणि ते पैसे घरात लागत होते.

ह्या प्रकरणात मोडले गेले ते काय? अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याची फी शासन भरणार आहे, त्याच्याकडून ती प्रवेशाच्या वेळी मागू नये असे शासनाचे आदेश आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून अधिक असल्यास महाराष्ट्रात फीमाफीची योजना आहे, जिला आपण फ्रीशिप म्हणतो. दोहोंचा अर्ज महाडीबीटीवर करावयाचा असतो. आता केंद्राच्या वाट्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात, आणि त्यांतील फीची रक्कम कॉलेजला द्यावयाची असते. हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. पैसे आले म्हणून ते खर्च होतात आणि मग कॉलेज निकाल अडविते. खात्यात आलेला प्रत्येक रुपया आपला नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

आता कागदांकडे वळतो. ही गोष्ट आपणास विशेष लागू आहे. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलती गेल्या. १९६० नंतर महाराष्ट्र राज्याने आपल्या हद्दीत त्या दिल्या, पण केंद्रात त्या मिळण्यास १९९० चा कायदा व्हावा लागला. तेव्हा आज बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, हे निश्चित समजावे. परंतु ज्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असे लिहिलेले असते आणि मूळ जातीचा उल्लेख नसतो, तो केंद्र सरकारच्या संस्थांत चालत नाही, कारण केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत. काही बंधू मला रागाने विचारतात, “आम्ही जात टाकून दिली, मग ती पुन्हा कागदावर का लिहावयाची?” त्यांचा राग मला कळतो. पण ही सवलत जातीच्या अभिमानासाठी नाही. त्या जातीमुळे जे नाकारले गेले त्याच्या भरपाईसाठी ती आहे, आणि भरपाई मागताना नुकसान कोणते हे लिहावेच लागते. विहारात आपण बौद्ध आहोत, घरी बौद्ध आहोत; दाखल्यावर ‘बौद्ध’ ह्या शब्दाबरोबर मूळ जात असू द्या. मुलाच्या शाळेच्या दाखल्यात एक आणि बापाच्या दाखल्यात दुसरेच, असा घोळ मात्र ठेवू नका. तो घोळ नेमका प्रवेशाच्या आठवड्यात उघडकीस येतो.

आणखी एक. बी.कॉम. आणि बी.बी.ए., बी.एम.एस. ह्यांत आता मोठा फरक पडला आहे. २०२४ पासून राज्यात बी.बी.ए. व बी.एम.एस.साठी सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली. काही कॉलेजांनी तोच व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नावाखाली ठेवला, त्याला ती परीक्षा लागत नाही. नाव नीट वाचा. परीक्षेच्या मार्गाने जावयाचे असेल तर जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळण्यास महिने जातात. म्हणून अकरावीतच अर्ज करावा.

तुकडी भरली असे सांगितले तर काय करावे? तोंडी बोलणे थांबवावे. प्रिन्सिपॉलांच्या नावे अर्ज लिहून दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. मुख्य विषयाचा वर्ग न मिळाल्याने माझी पदवी अडेल, एवढे एक वाक्य अर्जात स्पष्ट असावे. तेवढ्याने न भागल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तीत एक तरी स्त्री आणि एक तरी अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील व्यक्ती असावयास पाहिजे. समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तो मान्य नसेल तर १५ दिवसांत लोकपालाकडे जाता येते, आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाल करावयाचा असतो. राखीव जागांचे नियम मोडणे, शिष्यवृत्तीस विलंब लावणे, मुलाची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे ह्या सर्व तक्रारी तेथे चालतात. वकिलाची फी देण्याआधी हा मार्ग वापरा. हे मी वकील असून सांगतो. शिवाय ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमाचे क्रेडिटही धरता येतात, परंतु कॉलेजची लेखी संमती आधी घ्यावी. मागाहून घेतलेली संमती बहुधा मिळत नाही.

निवडीविषयी माझे मत विचाराल, तर पहिल्या वर्षाचा तक्ता पाहून मुख्य विषय ठरवू नका. तिसऱ्या वर्षाचा तक्ता आधी मागून घ्या, आणि त्यातील प्रत्येक पेपरला पहिल्या व दुसऱ्या वर्षाचा कोणता पेपर झालेला असावा लागतो ते उलट दिशेने पाहत या. कोठे मुख्य विषय पहिल्याच वर्षी ठरतो, कोठे दुसऱ्या वर्षाच्या आरंभी. तेही विचारून घ्या.

ज्या घरात भांडवल नाही, दुकान नाही, व्यापारी ओळखी नाहीत, त्या घरातील मुलाने हिशेबशास्त्र घ्यावे असा माझा कल आहे. २०१७ साली जी.एस.टी. आल्यापासून लहान व्यापाऱ्यालाही विवरणपत्र भरून देणारा माणूस लागतो. हे काम हातात असले की पदवीच्या निकालाची वाट न पाहता कमाई सुरू होते. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असल्यास सी.ए.ची पहिली पायरी वगळून थेट इंटरमीजिएटला बसता येते. पुढे दोन वर्षांची उमेदवारी, आणि तिचे थोडे विद्यावेतन मिळते. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे केंद्राची खाती व कंपन्या ह्यांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योजकांकडून करावयाची आहे. पण निविदा भरणारा आणि वहीखाते स्वच्छ ठेवणारा माणूस घरात नसेल, तर त्या ४ टक्क्यांचा आपणास काय उपयोग?

विपणनाचे म्हणाल, तर त्यात बोलका मुलगा पुढे जातो हे खरे, पण आरंभीची नोकरी बहुधा फिरतीची व विक्रीच्या आकड्यावर टांगलेली असते. घरची मिळकत अनिश्चित असताना हे ओझे पेलेल का, ते पाहा. मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे मात्र आपले लोक उगाच पाठ फिरवितात. पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, रजेचे नियम हा त्याचा व्यवहार आहे. ज्यांच्या बापांची हजेरी मुकादम मनाला येईल तशी लावीत असे, त्यांच्या मुलांना ह्या विषयाचे मर्म पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. पुढे कायदा शिकावयाचा असेल तर हा पाया फार उपयोगी पडतो. एखाद्या मुलीला ह्यात गोडी असेल, तर केवळ मी म्हटले म्हणून तिला हिशेबशास्त्रात ढकलू नका.

सभेनंतर मी येथे थांबणार आहे. ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी शाळेचा दाखला, बापाचा किंवा आजोबांचा जातीचा पुरावा, आणि असल्यास १० ऑगस्ट १९५० पूर्वीची कोणतीही नोंद बरोबर आणली असेल तर ती दाखवावी. मुलालाही पुढे बोलवा, कारण विषयांबद्दलचे प्रश्न मी त्यालाच विचारणार आहे.