आम्हांस सोंपविलेली ठेव

(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या शुभ प्रसंगीं देवळाच्या इतिहासाविषयीं, तें बांधणाऱ्या पूर्वजांच्या कष्टांविषयीं आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंविषयीं पुष्कळ बोललें गेलें, आणि तें योग्यच झालें. आम्हीं मात्र निराळा विषय निवडला आहे. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथांत महोत्सवाच्या वर्षाचा जो नियम सांगितला आहे, त्याप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं प्रत्येक इस्राएली मनुष्यानें आपल्या वाडवडिलांच्या वतनाकडे परत जावयाचें असे. म्हणजे महोत्सव हा केवळ रोषणाईचा व मेजवानीचा दिवस नव्हे. आपलें वतन कोणतें, त्याच्या सीमा कोठें आहेत आणि तें अद्याप आपल्या हातीं शाबूत आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा तो दिवस आहे.

आपल्या या वसई प्रांतांत पुष्कळ घरें शेतकऱ्यांचीं. शेत कसें जातें हें तुम्हांस सांगावयास नको. एका रात्रींत कोणी शेत उचलून नेत नाहीं. बांधापलीकडचा दर पावसाळ्यांत नांगराचें एक तास अलीकडे सरकवितो. बांध कोरला जातो, पण डोळ्यांना दिसत नाहीं. आणि वीस वर्षांनीं मोजणी आणावी तों दोन गुंठे गेलेले असतात. श्रद्धेचेंही तसेंच आहे. आज सकाळीं आपण देवाला मानीत होतों व सायंकाळीं मानीनासे झालों, असें क्वचितच घडतें. बांध कोरला जातो, तो तासातासानें.

संत पौलानें आपला शिष्य तिमथी यास पत्रांतून बजावलें कीं, त्याच्या हवालीं झालेल्या ठेवीचें त्यानें रक्षण करावें. ठेव हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ठेव ही ठेवणाऱ्याची असते, राखणाऱ्याची नसते. तिच्यांतून खर्च करतां येत नाहीं, तिच्यांत खोटें नाणें मिसळतां येत नाहीं. ज्याची त्याला आणि पुढच्याच्या हातीं पुरती पोंचवावी लागते. या ठेवीस दोन बाजूंनीं धोका असतो. एक बाहेरून येणारी खोटी शिकवण. दुसरा घरांतच वाढलेली मानवी रूढी. दोहोंचा आपण क्रमानें विचार करूं.

प्रथम खोटी शिकवण. इ. स. ३१८ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरांत आरियस नांवाचा एक धर्मगुरु शिकवूं लागला कीं, पुत्र हा पित्यासारखा अनादि नाहीं. तो सर्व सृष्टींत श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला आहे. हा मनुष्य दुराचारी नव्हता. राहणीनें विरक्त व वाणीनें गोड होता. खलाशी, जात्यावर दळणारे व वाटसरू यांना म्हणतां यावींत अशीं गीतें त्यानें रचलीं, आणि त्याची शिकवण बंदरांतून बाजारांत व बाजारांतून घरांत गेली. ती लोकांना आवडली, कारण ती सोपी होती. प्रभूनें पित्याच्या थोरवीविषयीं जें सांगितलें तेवढेंच त्यानें उचललें, आणि आपण व पिता एक आहों असें त्याच प्रभूनें सांगितलें, तें बाजूस सारलें. खोट्या शिकवणीचें हें लक्षण नीट ध्यानांत ठेवा. ती निव्वळ असत्य कधींच सांगत नाहीं. ती अर्धें सत्य घेते व तेंच पूर्ण म्हणून विकते.

३२५ सालीं कॉन्स्टंटाइन बादशहाच्या आमंत्रणावरून नायसीया येथें, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील इझनिक गांवीं, सुमारें ३०० बिशप जमले. त्यांनीं ठरविलें कीं, पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व आहे. रविवारच्या मिस्सांत आपण जी श्रद्धेची कबुली उभे राहून म्हणतों, तिचा पाया त्या सभेंत घातला गेला. २०२५ सालीं त्यास १७०० वर्षें पूर्ण झालीं.

कोणी म्हणेल, एका शब्दासाठीं एवढा कलह कशाला? प्रिय जनहो, त्या एका शब्दावर काय टांगलेलें होतें तें पाहा. पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर क्रुसावर देव आपल्यासाठीं आला नाहीं. त्यानें दुसऱ्या कोणाला तरी पाठविलें. मग बाप्तिस्म्यानें आपण कोणाशीं जोडले गेलों? मृत्युशय्येवरील आईच्या जिभेवर जो पवित्र साक्रामेंत ठेवितों, तो कोणाचा? जो स्वतः निर्मित आहे तो निर्मितांना देवाशीं जोडूं शकत नाहीं. हाच मुद्दा संत अथानासियस जन्मभर मांडीत राहिला. तो नायसीयाच्या सभेंत आपल्या बिशपांबरोबर गेलेला एक तरुण उपधर्मगुरु होता. ३२८ सालीं तो अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. बादशहा फिरले, दरबार फिरला, आणि त्याला ५ वेळां हद्दपार व्हावें लागलें. आयुष्याचीं सुमारें १७ वर्षें त्यानें अशीं परागंदा काढलीं. ३५९ सालीं रिमिनी येथें पश्चिमेकडील ४०० हून अधिक बिशप जमले असतां, बादशाही दडपणाखालीं तो शब्द गाळलेल्या मसुद्यावर त्यांच्या सह्या घेण्यांत आल्या. ३७३ सालीं अथानासियस वारला. ३८१ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनें नायसीयाची श्रद्धा पुन्हां निश्चित केली.

यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, बहुमत ही सत्याची कसोटी नव्हे, आणि राजसत्तेची मर्जी तर नव्हेच. दुसरी, कार्डिनल न्यूमन यांनीं १८५९ सालीं एका निबंधांत दाखवून दिल्याप्रमाणें, त्या काळांत अनेक बिशप डळमळले असतां बाप्तिस्मा घेतलेल्या साध्या लोकांनीं ती श्रद्धा धरून ठेविली. म्हणून ठेव राखणें हें फक्त धर्मगुरूंचें काम आहे, असें म्हणून कोणी मोकळें होऊं नये.

आजचे आरियस आपल्या दारीं निराळ्या वेषांत येतात. एकजण सांगतो कीं, खरा विश्वास असेल तर औषध नको. आणि मधुमेहाचा रोगी इन्सुलिन बंद करतो. देव रोग्याला बरें करितो, हें सत्य. परंतु वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेंच नेमलें आहे, असें सीराख ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत सांगितलें आहे, आणि संत लूक हा तर स्वतःच वैद्य होता. दुसरा सांगतो कीं, अमुक इतका पैसा अर्पण केला कीं देव दसपट परत देईल. जणूं देव सावकार आहे! मग ज्याच्या घरीं दारिद्र्य आहे त्याला वाटूं लागतें कीं, आपला विश्वासच खोटा. तिसरा दूरध्वनीवर प्रार्थना पाठवितो व धमकावितो कीं, ती दहाजणांस न पाठविल्यास घरावर संकट येईल. ज्या प्रार्थनेच्या शेवटीं भय दाखविलें आहे, ती प्रभूनें शिकविलेली प्रार्थना नव्हे.

आतां दुसरा धोका, मानवी रूढी. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायांत प्रभूनें परूशी लोकांना कोर्बानच्या रूढीवरून दोष दिला. एखाद्यानें आपली मालमत्ता कोर्बान, म्हणजे देवास वाहिलेली, असें म्हटलें कीं वृद्ध आईबापांस त्यांतून कांहीं देण्याचें बंधन त्यावर राहत नसे. रूढीचा वेष भक्तीचा, पण तिच्यामुळें आईबापांचा मान राखण्याची देवाज्ञाच मारली जात होती.

या वचनावरून कित्येकजण आम्हां कॅथलिकांना म्हणतात कीं, तुमची सारी परंपराच मानवी आहे. त्यांना सौम्यपणें उत्तर द्यावें. प्रभूनें रूढीचा दोष दाखविला तो ती देवाज्ञेच्या आड आली म्हणून. प्रेषितांपासून आलेली पवित्र परंपरा ही निराळी वस्तु आहे. तोंडीं शिकविलेलें असो कीं पत्रानें कळविलेलें असो, मिळालेल्या परंपरेस चिकटून राहावें, असें संत पौलानेंच थेस्सलनीकरांस लिहिलें. शुभवर्तमानें लिहिलीं जाण्यापूर्वीं तीं उपदेशिलीं जात होतीं. आणि पवित्र ग्रंथांची यादी ३९३ सालीं हिप्पो येथें व ३९७ सालीं कार्थेज येथें ख्रिस्तसभेच्या धर्मसभांनींच मांडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं शिकविलें कीं, पवित्र शास्त्र व पवित्र परंपरा हीं एकाच दैवी झऱ्यापासून वाहतात, आणि ख्रिस्तसभेचा शिकविण्याचा अधिकार देवशब्दाहून वर नसून त्याचा सेवक आहे.

तर मग प्रत्येक जुनी चाल टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. रोम येथील धर्मप्रसार मंडळानें १६५९ सालीं पूर्वेकडे जाणाऱ्या मिशनऱ्यांस कळविलें होतें कीं, धर्माच्या व नीतीच्या उघड विरुद्ध नसतील त्या लोकांच्या चालीरीती बदलण्यास त्यांना भाग पाडूं नये. त्याच्याही पूर्वीं, १६१६ सालीं, फादर थॉमस स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचून गोव्यांत छापलें. ओवी आपली, ठेव ख्रिस्ताची. नव्या भाताचीं कणसें देवळांत आणून आशीर्वाद घेण्याची आगेऱ्याची चाल, घरोघरचा क्रूस, मे महिन्यांतील रोझरी, हीं सारीं श्रद्धेचीं कुंपणें आहेत; तीं मोडूं नयेत.

परंतु ज्या रूढीनें दुर्बळाच्या मानेवर जोखड येतें, तिला आम्ही कोर्बानच म्हणतों. हुंडा १९६१ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. तो भेट म्हणून दिला तरी हुंडाच राहतो. सोयरीक करितांना मुलाची भक्ति व मुलीचें शील विचारण्यापूर्वीं जात विचारली जाते. एकाच प्रभूच्या मेजावर बसून उठलेल्यांनीं हें करावें काय? वंश, वर्ण, सामाजिक स्थिति यांवरून केलेला भेद देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असें त्याच व्हॅटिकन परिषदेनें स्पष्ट सांगितलें आहे.

आणि आणखी एक रूढी आहे, जिच्याविषयीं आज बोलल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. कांहीं घरांतून अद्याप विधवा आईला मुलीच्या लग्नांत मागें उभें करितात. जिनें एकटीनें मजुरी करून, भाजीच्या टोपल्या वाहून ती मुलगी वाढविली, तिचा हात शुभकार्याला लागूं नये म्हणून! हें कोणत्या शुभवर्तमानांत लिहिलें आहे? प्रभूनें नाइन गांवच्या विधवेचे अश्रू पाहून तिचा मुलगा उठविला. मंदिरांत विधवेच्या दोन दमड्या सर्वांच्या दानाहून मोठ्या ठरविल्या. क्रुसावरून आपल्या आईची सोय योहानाच्या हवालीं केली. अशा प्रभूच्या देवळांत विधवेला अशुभ मानणें, हा त्या प्रभूचाच अपमान आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें २०२२ सालीं ठराव करून विधवांचें कुंकू पुसण्याची व बांगड्या फोडण्याची प्रथा बंद केली, आणि तो कित्ता इतर गांवांनीं गिरवावा म्हणून त्याच वर्षीं राज्य शासनानें परिपत्रक काढलें. एक गांव हें करूं शकतें, मग ख्रिस्ताचें नांव धारण करणारें धर्मग्राम मागें कां राहावें? म्हणून आमची विनंती आहे कीं, या महोत्सवी वर्षापासून येथें होणाऱ्या प्रत्येक लग्नांत, वधूची आई विधवा असो कीं सवाष्ण असो, पहिला आशीर्वाद तिनेंच द्यावा. वेदीपाशीं तिची जागा आम्ही राखून ठेवूं.

शेवटीं, पारख कशी करावी? पांचव्या शतकांत लेरिन्सच्या संत व्हिन्सेंटनें कसोटी सांगितली होती कीं, जी श्रद्धा सर्व ठिकाणीं, सर्व काळीं व सर्वांनीं मानली, ती धरावी. आणि तिची वाढ व्हावी ती मूल वाढून प्रौढ होतें तशी, एकाचें दुसरेंच व्हावें तशी नव्हे. घरच्या उपयोगासाठीं आम्ही तीन साधे प्रश्न देतों. ही शिकवण प्रेषितांपासून आली कीं कालपरवां कोणाच्या डोक्यांतून निघाली? ती ख्रिस्ताला मोठें करिते कीं सांगणाऱ्याला? ती गरिबाचा, आजाऱ्याचा, विधवेचा भार हलका करिते कीं वाढविते? आम्हां धर्मगुरूंच्या उपदेशालाही हाच कस लावा. निराळें शुभवर्तमान सांगणारा स्वर्गांतील दूत असला तरी त्याला मानूं नये, असें संत पौलानें गलतीकरांस बजावलें आहे.

मात्र आपला बांध राखणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांत दगड फेंकणें नव्हे. निराळ्या पंथांतील ख्रिस्ती बांधवांशीं व अन्यधर्मी शेजाऱ्यांशीं प्रेमानेंच वागावें. श्रद्धेचें खरें रक्षण भांडणानें होत नाहीं, शिकण्यानें होतें. १७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांनीं घेतल्यावर युरोपीय धर्मगुरु निघून गेले. तरी मोजक्या देशी धर्मगुरूंच्या व घरोघरच्या आयाबायांच्या बळावर आपल्या पूर्वजांनीं ही ठेव राखली. त्यांच्याजवळ ग्रंथ थोडे होते. पण संध्याकाळचा दिवा लागला कीं मूल मांडीवर घेऊन क्रूसाची खूण शिकविणारे हात होते. आपणांजवळ ग्रंथ पुष्कळ आहेत. हात कमी पडूं देऊं नका. रोज रोझरीनंतर श्रद्धेच्या कबुलीचें एक वाक्य मुलांना समजावून सांगा. येत नसेल तर आमच्याकडे या, आपण मिळून शिकूं.

आणखी पन्नास वर्षांनीं या देवळांत शतक महोत्सव होईल, तेव्हां येथें बसणारे आज तुमच्या कडेवर आहेत. त्यांच्या हातीं ठेव पुरती पडो, बांध जागच्या जागीं असो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एकच देव तुम्हां सर्वांस, तुमच्या घरांस व शेतांस आशीर्वाद देवो. आमेन.