डबल-क्लिक करण्याआधी

गेल्या रविवारी सोनापूरच्या कॅम्पात जेवणं झाल्यावर जे बोललो तेच इथे लिहून देतोय. नाइट शिफ्टवाले बरेच जण तेव्हा नव्हते.

मी साइटवर सुपरवायझर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, त्यामुळे खोलीत कॉम्प्युटरचं काहीही निघालं की लॅपटॉप माझ्याच पुढ्यात येतो. म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

आम्ही आठ जणांनी वर्गणी काढून एक जुना लॅपटॉप घेतलाय. खोलीतला मिरजेकडचा एक शटरिंग सुतार सहा वर्षांनी कायमचा गावी निघाला होता. ग्रॅच्युइटी किती हातात येणार, याच काळजीत होता. त्याला कुठल्याशा ग्रुपवर 'ग्रॅच्युइटी फॉर्म' नावाची झिप फाईल आली. सोबत पासवर्ड आणि सूचना: अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर फॉर्म उघडणार नाही. मी बंद केला. आत पीडीएफचं लाल चित्र दिसलं, डबल-क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. "फाईल खराब आहे रे," म्हणालो आणि लॅपटॉप मिटला.

रात्री मनात पाल चुकचुकली होती. पण डिप्लोमावाला मी, कुणाला काय सांगणार? गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या थोरल्या भावाचा गावाहून फोन आला, "चाळीस हजार पाठवलेत, मिळाले का? आता बरं आहे ना?" त्याच्या फेसबुकवरून कुणीतरी अपघात झाल्याचं सांगून घरच्यांकडे पैसे मागितले होते. पासवर्ड आमच्या ब्राउजरमध्ये सेव्ह केलेला. असले प्रोग्राम तेच उचलतात: सेव्ह केलेले पासवर्ड, चालू असलेले लॉगिन. स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि न दिसण्यातच त्यांचं काम झालेलं असतं.

मुळात ग्रॅच्युइटीला कसला प्रोग्राम लागतच नाही. यूएईत पहिल्या 5 वर्षांना दर वर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या वर्षांना 30 दिवसांचा. मूळ पगार 1200 दिरहम असेल तर दिवसाला 40. एकवीस दिवसांचे 840, पाच वर्षांचे 4200, सहाव्या वर्षाचे 1200. झाले 5400. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होणारा हिशेब, त्यासाठी आम्ही घराचं दार उघडं टाकलं.

आता फाईल कशी तपासायची ते बघू. साइटवर सळई आली की तुम्ही काय करता? बंडलचा टॅग बघता, त्यावरचा हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळवता. ट्रकवाला म्हणतो म्हणून माल उतरवून घेत नाही. इथेही तेच करायचं.

पहिलं, फाईलचं खरं आडनाव बघा. विंडोज ते आपल्यापासून लपवून ठेवतं. कुठलंही फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा; विंडोज 11 मध्ये ते 'व्ह्यू'च्या आत 'शो'मध्ये आहे. हे केल्यावर आमची ती फाईल दिसली 'फॉर्म डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'. शेवटचा तुकडा खरा, मधला निव्वळ देखावा. ईएक्सई, एमएसआय, बॅट, एससीआर, जेएस असं शेवटी असेल तर तो कागद नाही, चालणारा प्रोग्राम आहे. चित्र पीडीएफचं का असेना, चित्र कुणीही चिकटवतं.

खरोखर प्रोग्रामच हवा असेल तर फाईलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'डिजिटल सिग्नेचर्स' असा भाग असेल तर त्यात बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं, आणि 'डिटेल्स' दाबलं की सही ठीक आहे की नाही तेही कळतं. हे झालं मालाचं सर्टिफिकेट. काही चांगल्या छोट्या प्रोग्रामना सही नसते, हेही खरं. पण मोठ्या कंपनीचं नाव सांगणारी फाईल बिनसहीची निघाली, तर माल परत.

मग व्हायरसटोटल डॉट कॉम. फुकट आहे, 2012 पासून गूगलकडे आहे. फाईल तिथे टाकली की साठ-सत्तर अँटीव्हायरस एकदम तपासून सांगतात. पण दोन गोष्टी नीट ऐका. तिथे टाकलेली फाईल सुरक्षेचं काम करणाऱ्या इतर कंपन्यांनाही बघता येते, म्हणून पासपोर्टची कॉपी, करारपत्र असलं काही तिथे टाकायचं नाही. आणि सगळीकडे हिरवं आलं म्हणजे फाईल चांगलीच, असंही नाही. नव्या फाईलची ओळख पटायला वेळ लागतो. क्यूबचा खरा निकाल 28 दिवसांनी येतो ना, तसंच. घाई नसेल तर दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासा. एक-दोनच लाल आले तर कधीकधी उगाच ओरड असते, पण आपल्याला कशाला परीक्षा बघायची? नाही उघडायची.

पासवर्डवाल्या झिपचं वेगळं सांगतो. बंद पेटीत तपासणाऱ्याला डोकावता येऊ नये, म्हणूनच पुष्कळदा तो पासवर्ड असतो. त्यावर कुणी 'अँटीव्हायरस बंद करा' म्हणालं तर पुढे काही तपासायचंच नाही. वॉचमनला सुट्टी द्या म्हणणारा पाहुणा कशाला आलाय ते उघड आहे.

उघडलीच चुकून, तर आधी वायफाय तोडा. मग त्या लॅपटॉपवरून नाही, फोनवरून पासवर्ड बदला. पहिला ईमेलचा, कारण बाकीचे सगळे त्याच्यावरून बदलता येतात. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, बँकेला कळवा. घरी फोन करून सांगा, "माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर आवाज ऐकल्याशिवाय देऊ नका." साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर झालं असेल तर आयटीवाल्याला त्याच तासाला सांगा. बोलणी खावी लागतील, खा. मी पहिल्या रात्री हा एक फोन करायला लावला असता, तर ते चाळीस हजार गेले नसते.

त्याच्या भावाला मी दर महिन्याला पाच हजार पाठवतोय. तीन हप्ते राहिलेत.

येत्या रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये बसणार आहे. लॅपटॉप आणा, एक्स्टेन्शन चालू करून देतो. चार्जर मात्र आपापला आणा, मागच्या वेळी एकावर सहा जण बसले होते.