कूतचा वेढा : आधी कागदावर हरलेली मोहीम

पानिपतावर रात्र रात्र वाद घालणाऱ्या आपल्या गावांत पहिल्या महायुद्धातल्या, इराकमधल्या कूत-अल-अमाराचं नाव क्वचितच निघतं. पण तिथे अडकलेल्या फौजेचं नावच ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होतं, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या स्वाधीन झाली. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर!

दोष कोणाचा, म्हटलं की बोट या डिव्हिजनचा सेनापती टाऊनशेंड याच्याकडे जातं. मी ते आधी सिमल्यात बसलेल्या हिंदुस्थान सरकारकडे दाखवीन.

नोव्हेंबर १९१४ मध्ये फौज उतरली ती इराणच्या आखातातलं तेल सांभाळायला. बसरा पटकन हाती आलं. जून १९१५ मध्ये टाऊनशेंडने बोटीतून पुढे धावत, सोबत शंभरेक माणसं असताना अमारा घेतलं. सप्टेंबरात कूत पडलं. इतक्या स्वस्तात विजय मिळाले की मोहिमेचा सेनापती निक्सन याला बगदाद दिसू लागलं. तिकडे गॅलिपोलीत नाक कापलं गेलेलं. लंडनलाही एखादं मोठं नाव हवंच होतं. टाऊनशेंडचं मन कचरत होतं, पण हुकूम तो हुकूम.

आता नदीकडे पाहा. तिथे ना सडक, ना रेल्वे. दाणागोटा, दारूगोळा, जखमी, सगळं टायग्रिसवरून. नदी उथळ आणि नागमोडी. तिला चपट्या बुडाच्या बोटी लागतात. बसऱ्याला धड धक्कासुद्धा नव्हता, माल भर प्रवाहात देशी होड्यांत उतरवायचा. फौज जितकी पुढे, तितकी बोटीची फेरी लांब, म्हणजे त्याच बोटींत माल कमी. हा हिशेब कोणत्याही वाण्याने सांगितला असता. पण हिंदुस्थान सरकारचा हात आखडता, आणि बोटी विलायतेत बांधून यायला महिनोन्‌महिने लागणार.

नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईत टाऊनशेंडची सुमारे साडेचार हजार माणसं मेली वा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत हिसके देत आणलं, मग बोटींवर कोंबलं. ‘मजिदिया’ ही बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टरला तिच्या बाजूंनी दोरखंड लोंबताना दिसले. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. जुलाबाने बेजार माणसांना कठड्यापर्यंतही जाता येत नव्हतं. कार्टरने तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच दम भरला.

टेसिफोनहून माघार घेऊन कूतमध्ये अडकल्यावर टाऊनशेंडने धान्याचा अंदाज आधी फार कमी कळवला. त्यामुळे सुटकेची फौज तोफा आणि बोटी जमायच्या आत, तुकड्यातुकड्यांनी चिखलात लोटली गेली. तेरा हजारांना सोडवताना सुमारे तेवीस हजार माणसं कामी आली वा जखमी झाली. आत घोडे कापले जात होते. हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. विमानांतून पिठाची पोती टाकली, जात्याचे दगडसुद्धा! काही पोती थेट नदीत पडली. शेवटी तुर्कांचा सेनापती खलील पाशा याला वीस लाख पौंड देऊ केले. त्याने घेतले नाहीत.

टाऊनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले. कित्येक वाटेत गेले, कित्येकांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. पुढे नवा सेनापती मॉड याने आधी धक्के, बोटी, रेल्वे उभी केली आणि मगच पाऊल उचललं. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं.

त्याच वर्षी चौकशी आयोगाचा अहवाल आला. भारतमंत्री चेंबरलेन यांचा या गोंधळात वाटा, माझ्या मते, सर्वांत थोडा. राजीनामा त्यांनी दिला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले, आणि २० ऑगस्टला हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा झाली. अहवालाने ज्यांच्यावर थेट ठपका ठेवला ते मोहिमेच्या काळातले व्हाइसरॉय हार्डिंग मात्र लंडनला परराष्ट्र खात्यात आपल्या खुर्चीवर कायम राहिले, आणि १९२० मध्ये राजदूत होऊन पॅरिसला गेले.