पाडव्याच्या रात्रीचा प्रकाश

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त तात्यापारा, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्या आकाशातून पेटत्या ठिणग्यांची एक माळ संथपणे सरकत गेली. अनेकांना तो उल्कावर्षाव वाटला. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या इलेक्ट्रॉन अग्निबाणावरही संशय घेतला गेला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. जुन्या मध्य प्रांतात रायपूर आणि चांदा एकाच राज्यकारभाराखाली होते. त्या नात्याने ही घटना आपल्या शेजारघरचीच म्हणावी लागेल.

प्रकाशाचे कूळ कसे ओळखावे? उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही क्षणांतच विझते. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू मात्र सुमारे आठ किलोमीटर वेगाने, अत्यंत तिरप्या मार्गाने उतरते. त्यामुळे तिचे तुकडे एकामागून एक जळत बराच वेळ दिसत राहतात. पाडव्याच्या चित्रफितींत नेमके हेच दृश्य होते. पुढे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी निष्कर्ष मांडला, की चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा. त्याचे वातावरणात परतणे त्याच सुमारास अपेक्षित होते.

ही ओळख केवळ कुतूहलासाठी नव्हे. अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे पृथ्वीवर हानी झाल्यास ती सोडणारे राष्ट्र भरपाईस बांधील असते, असे १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. परंतु कोसळलेली वस्तू कोणाची, हे सिद्ध झाल्याशिवाय एखाद्या खेडुताने आपल्या मोडलेल्या छपराची दाद कोणाकडे मागावी?

म्हणून पालकांनी मुलांना एवढे अवश्य शिकवावे : आकाशात अनोळखी प्रकाश दिसताच घड्याळ पाहावे, दिशा ठरवावी, तो किती वेळ टिकला ते मोजावे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश भरते. तिने क्षितिजापासूनची उंची मापावी. पडलेल्या वस्तूला स्पर्श न करता पोलिसांना कळवावे. आधी नोंद करावी, नाव नंतर द्यावे. वर्गात गिरवलेले निरीक्षण अंगणात उपयोगी पडले, तर शाळेचे साठ वर्षांचे श्रम सार्थकी लागतील.