मनाची व्यथा आणि मुळीचे चूर्ण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात जोगेश्वरी येथे केलेले भाषण)



वैद्यकाचा अधिकार मजपाशी नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते शाळेच्या फळ्यापुढे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो ते एवढ्याचसाठी की, त्यातील चूक मी स्वतः करून बसलो आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी निवर्तली. त्यानंतर झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली, अन्नावरची वासना गेली. डॉक्टरांपाशी मनाचा विषय काढावयास मात्र लाज वाटली. आपल्याकडे रक्तदाबाची गोळी चारचौघांत घेतली जाते, पण मनाची गोळी डब्यांमागे दडवून ठेवतात. घरात लग्नाची मुलगी असली तर विचारूच नका! अशा वेळी एका आप्ताने मोठ्या प्रेमाने मुळीचे चूर्ण आणून दिले. "झाडपाल्याचेच आहे, अपाय कसला?" असे तो म्हणाला. रक्तदाबाची गोळी चालू होती, तिच्या जोडीला चूर्ण सुरू केले. झोप लागू लागली हे खरे. परंतु महिन्याभरात मन अधिकच खचले, कशातच राम वाटेना, आणि एका पहाटे खाटेवरून उठताना भोवळ येऊन पडलो. डॉक्टरांनी विचारले, "मास्तर, आणखी काय घेता?" मी "काही नाही" म्हणालो. चूर्णालाही औषध म्हणावयाचे हे ध्यानीच आले नाही. सुनेने डबी पुढे केली, तेव्हा तिच्यावर सर्पगंधेचे नाव निघाले.

ही सर्पगंधा आपल्या मुंबईस परकी नाही. दक्षिण कोकणातून येथे येणारे मजूर ही मुळी पोटदुखीवर जवळ बाळगीत, अशी नोंद डायमॉकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करून ठेविली आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. आपल्या मातीतल्या मुळीचा हा पराक्रम ऐकून कोणाचीही छाती फुगेल.

परंतु कथा येथे संपत नाही. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्यांपैकी काहींना गाढ खिन्नता आल्याचे डॉक्टरांना आढळले. मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन इत्यादी द्रव्यांचे साठे हे औषध रिते करते. त्यामुळे क्षुब्ध मन शांत होते, तद्वत खचलेले मन अधिक खचूही शकते. असे सर्वांनाच होत नाही, आणि किती जणांना होते याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु खिन्नता असलेल्याने ते घेऊ नये, ही सूचना कायम आहे. शिवाय दोन्ही औषधे रक्तदाब उतरविणारी, म्हणून माझी भोवळ. चिंता आणि खिन्नता ही एकाच घरात नांदतात खरी, पण दोहोंना एकच मुळी मानवेल असे नाही.

अन्य वनस्पतींचेही तसेच. ब्राह्मी म्हणून बाजारात कधी मंडूकपर्णी मिळते, कधी जलब्राह्मी, आणि घेणाऱ्यास भेद ठाऊक नसतो. अश्वगंधेने काहींना बरे वाटते. मात्र क्वचित यकृतास इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने ती विचारल्यावाचून घेऊ नये.

मी आयुर्वेदाचा द्वेष्टा आहे असा समज कृपया करून घेऊ नका. मनाला अहितकर विषयांपासून आवरणे, ज्याला सत्त्वावजय म्हणतात, तोही चिकित्सेचा एक प्रकार म्हणून चरकसंहितेत सांगितला आहे. म्हणजे नुसत्या चूर्णावर तेथेही भागविलेले नाही. माझे गाऱ्हाणे आहे ते परस्पर घेण्याविषयी आणि लपविण्याविषयी.

डॉक्टरांनी चूर्ण बंद करविले आणि मला मनोविकारतज्ज्ञाकडे धाडले. तेथील गोळ्यांना गुण यावयास काही आठवडे लागले. त्या मध्येच आपल्या मनाने सोडावयाच्या नाहीत, हेही तेथेच कळले. ज्यांना दवाखान्याची पायरी चढणे जड वाटते, त्यांनी सरकारच्या टेलिमानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ती २०२२ साली सुरू झाली, विनामूल्य आहे, आणि मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी घरातील कोणास तरी सांगावे.

आता डॉक्टरांकडे जाताना मी घरातील साऱ्या डब्या पिशवीत घालून नेतो. ते हसतात, पण प्रत्येक डबी वाचून पाहतात.