साडेपाच तासांचा घोळ
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



स्कूटरचा किस्सा सांगा, असा चिटणीसांचा हुकूम आहे, म्हणून उभा राहिलोय.

ए विंगमधल्या काकांच्या स्कूटरचं मडगार्ड एका सकाळी चेपलेलं दिसलं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून क्लिप पेनड्राइव्हवर निघाली, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. विकणाऱ्याचा फोन लागेना. मी म्हटलं, द्या इकडे.

आधी फाइलची कॉपी काढली, मग हेक्स एडिटरमध्ये उघडली. नुसते आकडे! पण त्यात ००, ००, ००, ०१ पुन्हा पुन्हा दिसलं, आणि त्यामागे कधी ६७, ६८, कधी ६५. म्हणजे आत साधा एच.२६४ व्हिडिओच होता. ६७-६८ मध्ये चित्राच्या आकाराची वगैरे माहिती, ६५ म्हणजे पूर्ण फ्रेम. कंपनीने प्रत्येक फ्रेमआधी स्वतःची २४ बाइटची चिठ्ठी चिकटवली होती, एवढंच. ती छाटणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि व्हीएलसीत चित्र हललं. रात्री एक वाजता मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. बायको उठून बघून गेली.

चिठ्ठीतला एक आकडा दर २५ फ्रेमनंतर एकने वाढत होता. म्हणजे सेकंद, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले. हिशेब केला, रात्रीचे अडीच. एक गाडी रिव्हर्स येते, स्कूटरला धक्का देते आणि निघून जाते. नंबर दिसत नाही. मीटिंगमध्ये मी छातीठोक सांगितलं, अडीच! रजिस्टरमध्ये अडीचची नोंद नाही, म्हणजे रात्रपाळीचे वॉचमनकाका झोपले होते. त्यांना काढायचं ठरलं. ते काही बोलले नाहीत.

घरी येऊन क्लिप परत पाहिली. कोपऱ्यात पोरं बॅडमिंटन खेळत होती. रात्री अडीचला?

१९७० पासूनची ती मोजणी ग्रिनिचच्या वेळेने धरतात, म्हणून आपल्यासाठी कॉम्प्युटर साडेपाच तास मिळवतो. आपल्या रेकॉर्डरने मात्र इथलीच वेळ सरळ भरली होती. साडेपाच तास मी फुकटचे वाढवले. खरी वेळ रात्री नऊ, काकांची ड्यूटी दहापासून. रजिस्टरमध्ये नऊला बाहेर पडलेली पाहुण्यांची गाडी एकच. फ्लॅट नंबर आमचा. त्या दिवशी मेव्हणे जेवायला आले होते.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांना घेऊन केबिनमध्ये गेलो, काकांची माफी मागितली. स्कूटरचा खर्च आम्ही दोघांनी दिला.

वॉचमनकाका अजून मला गेटवर थांबवतात. म्हणतात, “साहेब, किती वाजले?”